पिंपातलं विरजण

सोलापूर
११ मार्च २०२५

दादा,

नमस्कार लिहिते. घ्यायचा तर घे, नाहीतर राहू दे तसाच. फोन तू उचलत नाहीस आणि व्हॉट्सॲपवर मला ब्लॉक केलंयस. कागद निदान फाडायला तरी हातात घ्यावा लागेल, म्हणून कागद.

मी बरी आहे. सात रस्त्याजवळची तीच खोली, खाली तेच झेरॉक्सचं दुकान. घरमालकीण नवऱ्यावर तेलुगूत चिडते आणि माझ्यावर मराठीत. मेसचा डबा येतो, खाते. चव विचारू नकोस. बरेच महिने झाले, मला कशाचीच चव लागत नाही. दुखत-खुपत काही नाही. सकाळी उठून संशोधन केंद्रावर जाते, काचेच्या बश्यांत जीवाणू वाढवते, संध्याकाळी परत येते. कुणी हसलं तर मीही हसते, म्हणजे तोंड तसं करते.

आईचा फोन असतो. ती म्हणाली, आपल्या डाळिंबाच्या कडेच्या ओळीला मर लागलीय, पानं पिवळी पडून झाडं उभ्या उभ्या वाळतायत. आणि तू पिंपातलं घालत नाहीस. पण पिंपात गूळ मात्र टाकत राहतोस. "घालत बी न्हाय आन् मरू बी देत न्हाय," आई म्हणाली. "तुजा भाव कुनाला कळायचा?"

दादा, पिंपातलं वाटणं बंद कर म्हणून आलेली ती नोटीस मी पाठवली नव्हती. केंद्राशी करार केलेल्या कंपनीने पाठवली. खाली शोध लावणाऱ्यांची नावं होती, त्यात केंद्राच्या घाडगे सरांच्या खाली माझं. तू ते नाव वाचलंस आणि तिथेच थांबलास.

तुला सगळं ठाऊक आहे, तरी एकदा माझ्या बाजूने लिहू दे. मर रोखणारा हा जीवाणू आम्हाला खतासाठी मेंढ्या बसवलेल्या रानातल्या मातीत सापडला. केंद्र सरकारी, पैसा सरकारी, मी तिथे कंत्राटावर. सर म्हणाले, तुझ्या गावात दोन ओळींवर घालून बघ. मी एक कॅन घेऊन आले. सिद्धप्पा मामांच्या बागेत घातलं आणि उरलेलं तुझ्याकडे ठेवलं. तू त्यात ताक ओतलंस, गूळ कालवलास आणि पिंप भरून वाढवलंस. मग जो येईल त्याला तांब्याभर.

मी म्हणाले होते, दादा, हे असं वाटायचं नसतं. तू म्हणालास, "इरजनच की गं हे. इरजन मागाय आलेल्याला न्हाय म्हनत्यात व्हय?"

आपल्याकडे विरजणाला खरंच कुणी नाही म्हणत नाही. भांडण असलं तरी देतात. फक्त दिवेलागण झाल्यावर देत नाहीत, एवढाच नियम. तो तू पिंपालाही लावलास. अंधार पडल्यावर कुणी आलं तर सकाळी ये म्हणून सांगायचास आणि सकाळी स्वतः हाक मारायचास.

नोटीस आली तेव्हा सिद्धप्पा मामा तांब्या घेऊन दारात आले होते. तू त्यांना नाही म्हणालास. आई सांगते, ते रिकामा तांब्या घेऊन गेले, आणि तू त्या दिवशी भाकरीला हात लावला नाहीस. माझा फोन घेणं तेव्हापासून बंद.

मेंढरं सध्या कुठे बसतायत? माण नदीच्या काठाला गेला होतास म्हणे. वहिनीला विचारलं म्हणून सांग. तुझ्याकडे माझं एक काम आहे, पण आज ते लिहायला हात उचलत नाही.

रुपाली


सोलापूर
३ एप्रिल

दादा,

पत्र पोचलं, हे वहिनीकडून कळलं. फाडलं नाहीस, फळीवर ठेवलंस, हेही कळलं.

आता काम.

या जीवाणूच्या पेटंटसाठी केंद्राने फक्त अर्ज केलाय, पेटंट अजून मिळालेलं नाही. तरीही कंपनीने तुला नोटीस पाठवली, कारण घाबरवायला अर्जही पुरतो. पण पेटंट कशाला मिळतं? अर्ज करण्याआधी जी गोष्ट जगाला ठाऊक नव्हती तिला. आधीच चारचौघांत वाटून झालेल्या गोष्टीवर कुणालाही मालकी सांगता येत नाही. आणि आता दुसऱ्या एका कंपनीने हरकत घेतलीय. पुरावा म्हणून त्यांनी एक व्हिडिओ जोडलाय.

तो मी पाहिला. बिरोबाची जत्रा. तू पिंपाजवळ उभा, डोक्याला पिवळा फेटा, कपाळाला भंडारा. लोकांची ही रांग. तू तांब्या बुडवतोस, ओततोस आणि मोठ्याने सांगतोस, "सोलापुरास्नं माज्या भनीनं आनलंय. मर थांबतीया. न्या की!" अर्जाच्या कितीतरी आधीची जत्रा आहे ती.

सरांच्या खोलीत तो व्हिडिओ लावला तेव्हा सगळे माझ्याकडे बघत होते. माझ्या मनात एवढंच आलं की तुझा फेटा सुटायला आलाय, कुणीतरी सांगायला हवं होतं.

घाडगे सरांनी उपाय काढलाय. तू स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्र करून द्यायचं, की त्या पिंपात ताक, गूळ आणि मेंढ्यांच्या लेंड्यांचं पाणी होतं, केंद्राचा जीवाणू नव्हता, आणि बहिणीचं नाव तू नुसतं कौतुकाने घेतलंस. मजकूर तयार करून या पत्रासोबत पाठवतेय. सांगोल्याला वकिलाकडे सही करायची.

तू सही केलीस तर पेटंट बहुधा निघेल. माझं कंत्राट पुढे चालेल, आणि पक्क्या जागेसाठी सर शब्द टाकतील. नाही केलीस तर जूनमध्ये मी बाहेर. सर हे धमकी म्हणून बोलले नाहीत. खिडकीतून बाहेर बघत बोलले.

सरांना वाईट समजू नकोस. वरून दरवर्षी विचारणा होते, किती पेटंट केलीत, किती कंपन्यांशी करार झाले. नुसतं शेतकऱ्यांच्या उपयोगी पडलं, असं लिहायला रकानाच नाही. आणि त्यांचं एक म्हणणं खोटं नाही. "फुकट वाटायच्या वस्तूमागे कोण कारखाना उभा करेल? मालकी असेल तरच कंपनी बाटलीत भरेल, देशभर पोचवेल. तुझा भाऊ किती गावांना पुरणार?" तू दोन तालुक्यांच्या पलीकडे कधी गेलाच नाहीस. आणि तुझ्या शेजारच्या बागेत पिंपातलं घालूनही झाडं गेली, हेही खरं आहे. तुझं पिंप उघडं असतं. त्यात आता काय वाढतंय कोण जाणे.

सरांनी तेही वापरलं. म्हणाले, "त्या पिंपात आपला जीवाणू शिल्लक होता हे कोण सिद्ध करणार? म्हणजे हे खोटं नाही, नक्की नाही एवढंच." मी मान हलवली. माझी मान आजकाल कशालाही हलते.

या कागदाचा अर्थ काय, तो तुझ्यापासून लपवत नाही. ज्यांना तू तांब्या भरून दिलास, त्या सगळ्यांना तू नुसतं ताकपाणी पाजलंस, असं तू स्वतःच्या सहीने म्हणणार. गावात तुझ्या शब्दावर लोक मेंढरं सोडतात तुझ्या ताब्यात. मला हे कळतं. कळतं, पण वाटत काहीच नाही. वाटायला हवं होतं.

रुपाली


सोलापूर
२४ एप्रिल

दादा,

तुझ्याकडून काहीच आलं नाही.

इथे ऊन असं आहे की दुपारी सात रस्त्यावर माणूस दिसत नाही. केंद्रात वातानुकूलित खोलीत मी स्वेटर घालून बसते. एकाच गावात दोन हवामानं.

सही करू नकोस, असं लिहायला बसले होते. नाही लिहिता आलं. सही कर, असंही पुन्हा लिहिता येत नाही. तेव्हा हे पत्र कशासाठी, तर मी वाट बघतेय एवढं कळावं म्हणून.

एक विचारायचं राहिलं होतं. तू आईला म्हणाला होतास म्हणे, "सरकारच्या पैशानं केलंय म्हंजी आपलंच की. मग आपल्यालाच नोटीस कशी काय?" हे मी सरांना विचारलं. ते म्हणाले, "प्रश्न चांगला आहे." मग त्यांनी चहा मागवला.

रुपाली


सोलापूर
१२ मे

दादा,

तुझा कागद मिळाला. सिद्धप्पा मामा मार्केट यार्डात डाळिंब घेऊन आले होते, त्यांनी आणून दिला. तू द्यायलाही त्यांनाच निवडलंस. सात रस्त्यावर टपरीवर आम्ही चहा घेतला. मी त्यांच्याकडे वर बघत नव्हते. त्यांनीच पाकीट काढून बशीशेजारी ठेवलं.

"घे. केलीया सई."

पाकीट उघडलं. स्टॅम्प, तारीख, वकिलाचा शिक्का, आणि तुझी ती शाळेतली गोल सही, धनाजी बिरप्पा, आडनाव पुढच्या ओळीत. मला वाटलं आता तरी रडू येईल. नाही आलं. मी चहा संपवला.

मामांना विचारलं, गावात कळलं का? तर ते हसायला लागले. दात नाहीत त्यांना आता, तोंडावर हात धरून हसतात.

"कळलं का म्हंजी? त्यानंच सांगितलं की! ऐतवारी बिरोबाच्या देवळात समदी जमलीवती. तुजा भाव उटला, देवाम्होरला भंडारा उचलला आन् म्हनला, मंडळी, मी उद्या सांगोल्याला जाऊन एक कागुद करून देनार हाय. त्यात लिवलंय की मी तुमाला नुसतं ताकपानी दिलं. ते खोटं हाय. दिलं ते खरंच दिलंवतं. माज्या भनीच्या नोकरीसाटी खोटं लिवून देतुया. कागदावर खोटं बोलीन, तुमच्याशी न्हाय. कुनी राग धरू नगा. असं म्हनला आन् खाली बसला."

मी विचारलं, मग लोक काय म्हणाले?

"लोकं काय म्हननार? भंडारा उधळला. म्हातारी शिवबाई म्हनली, भनीसाटी केलं, चांगलं केलं. आन् पोरांनी मोबाइलवर घेतलंया की समदं. पोरं गप बसत्यात व्हय?"

मामा निघताना म्हणाले, "माजा राग न्हाय बग पोरी. फकस्त माजा तांब्या रिकामा गेलाय, तेवडं धनाजीच्या ध्यानात ऱ्हाऊ दे."

दादा, खोटं बोलायचं असतं तर आधी गोळा करून सांगायचं नसतं रे. लहान पोरालाही कळतं हे. तू काय केलंस हे तुला कळलं तरी आहे का? का कळूनच केलंस? सिद्धप्पा मामांना विचारलं, तर ते म्हणाले, "त्येला त्यातलं काय कळत न्हाय. गावाशी खोटं बोलायचं न्हाय एवडंच त्येला कळतंय."

कागद मी दुसऱ्या दिवशी सरांना दिला. ते उठून उभे राहिले, दोन्ही हातांनी घेतला. म्हणाले, "तुझ्या भावाचे उपकार झाले. काही अडचण नाही ना?"

मी म्हणाले, "नाही."

व्हिडिओचं काही बोलले नाही. घाबरून गप्प बसले असं नाही, आणि तुझ्या बाजूने उभी राहिले असंही समजू नकोस. बोलावंसं वाटलं नाही. कागद सरांच्या ड्रॉवरमध्ये आहे. कंपनीच्या पेटंटचं काम बघणाऱ्या अंकिता मॅडम तो न्यायला पुण्याहून येणार आहेत. त्या ऑफिसात पोचेपर्यंत कागद ड्रॉवरमध्येच राहणार.

कडेच्या ओळीतली आणखी दोन झाडं गेली, आईने सांगितलं. तू अजूनही घालत नाहीस.

रुपाली


सोलापूर
६ जून

दादा,

हे शेवटचं पत्र. यानंतर लिहायची गरज पडू नये.

अंकिता मॅडम आल्या. नेहमीसारखा कुर्डुवाडी सुटल्यावर त्यांचा फोन आला, मी स्टेशनवर न्यायला गेले. सरांच्या खोलीत आल्यावर त्यांनी कागद मागितलाच नाही. लॅपटॉप उघडला आणि आमच्याकडे फिरवला.

देवळाचा सभामंडप. दिवा. तुझा आवाज आधी आला, मग तू. मॅडम म्हणाल्या, हरकत घेणाऱ्या कंपनीने हाही जोडलाय, परवाच. म्हणजे आधी जत्रेतला, आता देवळातला.

"कागदावर खोटं बोलीन, तुमच्याशी न्हाय," तू म्हणालास, आणि मी हसले.

तोंड तसं केलं असं नाही. खरीच हसले. आधी नाकातून आवाज आला, मग थांबेना. डोळ्यांतून पाणी, पोटात कळ. तू किती गंभीर चेहऱ्याने सांगत होतास! मागे एक म्हातारा जांभई देत होता. सर म्हणाले, "रुपाली, बाहेर जा." मी बाहेर पायरीवर बसून हसत राहिले आणि त्यातच कधी रडायला लागले ते कळलं नाही. शिपायाने पाणी आणून दिलं. ते पाणी गार होतं. खूप दिवसांनी काहीतरी गार लागलं.

मग सगळं पटपट झालं. कंपनीने करार सोडला. केंद्राने अर्ज मागे घेतला. आता बाटली निघणार नाही, देशभर काही पोचणार नाही. सर म्हणाले, "तुझ्या भावाने ते सगळ्यांचं करून टाकलं, आणि सगळ्यांचं झालं की कुणीच बनवत नाही." त्यांचा आवाज चढलेला नव्हता. मला त्यांचं वाईट वाटलं. त्यांनीही त्या मातीवर तीन वर्षं घातलीत. त्यांचं म्हणणं चूक आहे असं अजूनही मला म्हणता येत नाही. पण तू ज्यांना दिलंस त्यांच्या बागा उभ्या आहेत, हेही कुठे लिहायला हवं होतं. त्यालाच रकाना नाही.

माझं कंत्राट संपलं. किल्ली दिली, ओळखपत्र दिलं. शीतपेटीतल्या नळ्यांवर माझ्याच अक्षरात नावं आहेत, पण त्यातली एकही आणता आली नाही. ती केंद्राची मालमत्ता. मी मागितलीही नाही. निघताना सरांनी तुझा कागद माझ्या हातात ठेवला आणि म्हणाले, "हा कुठेही दिलेला नाही." एवढंच. या पत्राला टाचलाय तो. चुलीत घाल. तुझ्या नावाचं खोटं आता कुठेही शिल्लक नाही.

नोटिशीलाही आता काही अर्थ उरला नाही. सिद्धप्पा मामांना हाक मार, त्यांचा तांब्या भर.

आता माझं सांगते. इतकी वर्षं काम केलं त्यातला एक थेंबही माझ्याकडे नाही. असलाच तर तुझ्या पिंपात आहे. तू बोलत नव्हतास तरी त्यात गूळ टाकत राहिलास. त्यात तोच जीवाणू उरलाय की गावातल्या सगळ्या ताकांचं मिसळण झालंय, ते मला माहीत नाही. आल्यावर बघू. आधी कडेच्या ओळीला घालू. वाळलेली गेली, पण त्यांच्या शेजारची अजून हिरवी आहेत ना?

दादा, मला तुझा राग आला होता. तू फोन बंद केलास म्हणून नाही. माझं नाव त्या नोटिशीवर वाचून मी अशी आहे असं तू मानलंस म्हणून. आणि मग त्याच बहिणीसाठी देवापुढे उभा राहिलास. तुझ्यावर रागवावं की तुझ्या पाया पडावं, मला कळत नाही. दोन्ही करेन.

पुढच्या शनिवारी येते. मंगळवेढ्याहून सांगोल्याची गाडी मिळेल. सामान ट्रंकभर, ते मागाहून येईल. हातात फक्त लोणच्याची रिकामी बरणी असेल, घरमालकिणीने दिलीय, धुऊन वाळवून ठेवलीय.

दारात उभी राहीन. तुला बोलायचं नसेल तर बोलू नकोस. मी विरजण मागायला आलेय.

दिवेलागणीच्या आत पोचते.

रुपाली